डिस्प्ले बदलण्याआधी: घरी बनवलेल्या गेम कन्सोलच्या पडद्याचा दोष कसा शोधायचा

घरी बनवलेल्या हँडहेल्ड गेम कन्सोलचा पडदा काळा पडला, पांढरा झाला किंवा लुकलुकायला लागला की पहिला संशय डिस्प्लेवरच जातो. बाकी सगळं डब्यात बंद असतं, डोळ्यांसमोर पडदा तेवढा असतो. पण माझ्या टेबलावर जे कन्सोल येतात, त्यात डिस्प्ले खरोखर गेलेला क्वचित निघतो. दोष असतो बॅटरी आणि डिस्प्लेच्या मधल्या वाटेवर. रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा भाग), सरकता स्विच, ग्राउंडची वायर, एखादा ड्राय सोल्डर (वरून जोडलेला दिसणारा, आतून सुटा सांधा), नाहीतर प्रोग्राममधली एक ओळ. त्यामुळे नवा डिस्प्ले मागवायच्या आधी तासभर मल्टीमीटर घेऊन बसा. तो तास कसा घालवायचा ते सांगतो.

मी सांगलीत आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. आता संध्याकाळी भाचीच्या वर्गातली मुलं आपापली सर्किटं घेऊन येतात आणि मला मामाच म्हणतात. टीव्हीच्या धंद्यात उस्तादांनी एक क्रम अंगात भिनवला होता: आधी सप्लाय, मग रास्टर, मग व्हिडिओ. ट्यूब नुसती उजळली म्हणजे रास्टर आला. तिच्यावर चित्र आलं म्हणजे व्हिडिओ आला. रास्टर आहे पण व्हिडिओ नाही, असा सेट आला की ट्यूबला कोणी हात लावायचं नाही. हाच क्रम या तळहाताएवढ्या पडद्यालाही चालतो.

कोणता कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय ते आधी सांगतो. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा डेव्हलपमेंट बोर्ड, २.४ इंची रंगीत टीएफटी (एलसीडी पडदा), ३२० बाय २४० पिक्सेल, त्यावर पडदा चालवणारा आयएलआय९३४१ हा कंट्रोलर. सहा-आठ बटणं, लिथियम पॉलिमर बॅटरी, टीपी४०५६चं चार्जिंग मॉड्यूल, आणि हे सगळं झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या बोर्डावर, जोडलेलं. कोरियाच्या हार्डकर्नल कंपनीनं २०१८ साली ओड्रॉइड-गो नावाचा जुळवायचा कन्सोल काढला, त्यातही ईएसपी३२ आणि २.४ इंची आयएलआय९३४१ हीच जोडी होती. जुन्या खेळांचे एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम) या जोडीवर चांगले चालतात, म्हणून मुलं हीच घेतात. छोटा एकरंगी ओलेड वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

सामान फारसं लागत नाही. बीप वाजणारा साधा डिजिटल मल्टीमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, भिंग, टॉर्च, आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर प्रोग्राम चढत नाही, आणि मुलं बोर्डाला दोष देत बसतात.

बॅटरीबद्दल दोन गोष्टी आधीच. बीपची तपासणी करताना बॅटरी काढून ठेवा, यूएसबीही काढा. आणि बॅटरी थेट बोर्डाच्या व्हीआयएन पिनला (बोर्डात सप्लाय घेणाऱ्या पिनला) जोडली असेल तर स्विच बंद केल्याशिवाय यूएसबी कधीच लावू नका. बहुतेक बोर्डांवर यूएसबीचे पाच व्होल्ट एका डायोडमधून त्याच व्हीआयएन पिनवर येतात. म्हणजे साडेचार व्होल्टच्या वरचा दाब चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत शिरतो. लिथियमची सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवणं धोक्याचं आहे. फुगलेली बॅटरी दिसली तर ती वापरू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

आधी नीट बघा

पडदा "खराब" आहे म्हणजे नक्की काय होतंय? काळा आहे, पांढरा आहे, रंग चुकताहेत, रेघा आहेत, की मधूनच बंद पडतो? मुलं येऊन "चालत नाही मामा" एवढंच सांगतात. मी त्यांना दिसतं ते वहीत लिहायला लावतो, कारण यातल्या प्रत्येक खुणेची वाट वेगळी आहे.

पूर्ण काळा असेल तर खोलीतला दिवा मालवा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. टॉर्चच्या उजेडात अंधूक चित्र दिसलं तर डिस्प्ले काम करतोय, फक्त बॅकलाइट लागत नाहीये. मग एलईडी नावाच्या पिनवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. शून्य असतील तर ती पिन तात्पुरती ३.३ व्होल्टला जोडून पाहा. उजेड आला की काम सोपं झालं: वायर तुटली आहे किंवा प्रोग्राम ती पिन चालूच करत नाहीये.

इथे एक सांगून ठेवतो. ब्राइटनेस कमी-जास्त करता यावा म्हणून बरेच जण एलईडीची पिन थेट ईएसपी३२च्या पिनला जोडतात. काही मॉड्यूलवर त्यासाठी ट्रान्झिस्टर असतो, काहींवर नुसता रेझिस्टर असतो. नुसता रेझिस्टर असेल तर बॅकलाइटचा सगळा करंट मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून जातो, आणि ती पिन एवढ्यासाठी बनवलेली नाही. मधे एक ट्रान्झिस्टर घाला. एलईडीची पिन ही प्लस बाजू आहे, म्हणून पीएनपी लागेल. ८५५० चालतो: एमिटर ३.३ व्होल्टला, कलेक्टर एलईडी पिनला, बेस एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून ईएसपी३२ला. यात पिन खाली गेली की दिवा लागतो, वर गेली की विझतो. प्रोग्राममध्ये तसा बदल करा.

पांढरा पडदा

हाच सगळ्यांत जास्त येणारा दोष. बॅकलाइट लागलाय, म्हणजे निदान दिव्यापर्यंत सप्लाय पोचतोय. पण कंट्रोलरला सुरुवातीचे हुकूम मिळालेले नाहीत, म्हणून काच कोरी आहे. हाच आपला रास्टर आहे, व्हिडिओ नाही.

मॉड्यूलच्या पिना साधारण अशा क्रमानं छापलेल्या असतात: व्हीसीसी, ग्राउंड, सीएस, रीसेट, डीसी, एसडीआय, एससीके, एलईडी, एसडीओ. व्हीसीसी म्हणजे सप्लायची प्लस, सीएस म्हणजे हा डिस्प्ले निवडणारी पिन, डीसी म्हणजे आलेला बाइट हुकूम आहे की डेटा ते सांगणारी, एससीके म्हणजे ठोके देणारी. यातला एसडीआय म्हणजे मोसी (डिस्प्लेकडे जाणारा डेटा), एसडीओ म्हणजे मिसो (डिस्प्लेकडून येणारा). चित्र दिसायला मिसोची गरज नसते, बाकी सगळ्यांची असते. आता बॅटरी काढून मल्टीमीटर बीपवर लावा. एक टोक ईएसपी३२च्या पिनवर आणि दुसरं टोक डिस्प्लेच्या पिनवर. बर्ग स्ट्रिपच्या (डिस्प्ले बसवायच्या पिनांच्या पट्टीच्या) खालच्या सोल्डरवर टेकवू नका, डिस्प्लेच्या स्वतःच्या पिनवरच टेकवा. ड्राय सोल्डर नेमका या दोघांच्या मधे लपतो. मग शेजारच्या पिना आपसात जोडल्या गेल्यात का तेही पाहा. झीरो पीसीबीवर सोल्डरचा एक केस पुरतो.

वायरिंग बरोबर निघालं तर पिनांचे नंबर बघा. ईएसपी३२च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत. बोर्डावर व्हीपी आणि व्हीएन असं छापलेल्या ३६ आणि ३९ नंबरच्या पिनाही त्यातच येतात. डीसी किंवा सीएस तिथे जोडली तर वायर कितीही सरळ असो, डिस्प्लेपर्यंत काहीच पोचणार नाही. ६ ते ११ बोर्डाच्या स्वतःच्या फ्लॅश मेमरीला लागतात, त्यांना हात लावू नका. १२ नंबर चालू होताना वर ओढला गेला तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि तेव्हाही पडदा पांढराच दिसतो. सवयीच्या पिना वापरल्या तर ही डोकेदुखी राहत नाही: एससीके १८, मोसी २३, मिसो १९, सीएस ५.

ऑसिलोस्कोप नसेल तर पुढची तपासणी नक्की करा. मला ही फार आवडते. खेळाचा प्रोग्राम बाजूला ठेवा आणि दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहा: डिस्प्लेला जाणारी एकच पिन दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून डिस्प्लेच्या त्याच पिनवर टोक धरा. ३.३ आणि शून्य, ३.३ आणि शून्य, असं दिसायला हवं. मग पुढची पिन. मधेच कुठे १.८ किंवा २.४ असा अर्धवट आकडा आला तर ती पिन दुसऱ्या कशाला तरी चिकटली आहे. पाच पिना, दहा मिनिटं, आणि संशयाला जागा उरत नाही.

रीसेटकडे वेगळं लक्ष द्या. खेळ चालू असताना ही पिन ३.३ व्होल्टवर स्थिर हवी. अधांतरी सोडली असेल तर डिस्प्ले कधी चालतो, कधी नाही, आणि हात जवळ नेला तरी बिघडतो. मोकळी पिन उरली नसेल तर दहा किलोओहमनं ३.३ ला बांधा आणि लायब्ररीला (डिस्प्ले चालवणाऱ्या तयार कोडला) रीसेटची पिन नाही असं कळवा. मग ती सॉफ्टवेअरनं रीसेट करते.

एवढं करूनही पांढरा असेल तर कंट्रोलर वेगळा असू शकतो. बाहेरून हुबेहूब दिसणारी मॉड्यूलं आयएलआय९३४१चीही येतात आणि एसटी७७८९चीही. पिना तशाच, काच तशीच, सुरुवातीचे हुकूम मात्र वेगळे. मिसो जोडलेला असेल तर कंट्रोलरला त्याची ओळख विचारता येते: आयएलआय९३४१ला डी३ हा हुकूम दिला की उत्तरात ९३ आणि ४१ हे दोन बाइट येतात. सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आले तर बोलणंच होत नाहीये, परत वायरकडे जा.

आणखी एक गोष्ट. टीएफटी-ई-एसपीआय ही लायब्ररी वापरणाऱ्यांचा चांगला चालणारा कन्सोल एक दिवस प्रोग्राम परत चढवल्यावर पांढरा पडतो. या लायब्ररीत पिनांचे नंबर यूजर सेटअप नावाच्या फाइलमध्ये लिहायचे असतात, आणि ही फाइल लायब्ररीच्याच फोल्डरमध्ये असते. लायब्ररी अपडेट केली की तुमची फाइल पुसून मूळची येते. तिची एक प्रत आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कायम ठेवा.

यूएसबीवर चालतो, बॅटरीवर नाही

या दोषावर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण लोक इथेच चांगले डिस्प्ले फेकून देतात. टेबलावर यूएसबी लावून कन्सोल झकास चालतो. डब्यात घातला, बॅटरी लावली, की पडदा लुकलुकतो, खेळ मधेच पहिल्यापासून सुरू होतो, किंवा बॅटरी अर्धी झाली की पांढरा पडतो.

बोर्डावर जो रेग्युलेटर असतो तो बहुतेक वेळा १११७ जातीचा असतो. त्याला ३.३ व्होल्ट बाहेर काढायला स्वतःसाठी एक व्होल्टच्या आसपास लागतो, लोड वाढला की त्याहून जास्त. यूएसबीवर पाच व्होल्ट आत येतात, म्हणून सगळं आरामात चालतं. लिथियमची सेल पूर्ण भरलेली ४.२ व्होल्टला असते, आणि वापरताना बराच वेळ ३.७ च्या आसपास राहते. ३.७ मधून १.१ गेले, उरले २.६. ईएसपी३२ला निदान तीन व्होल्ट हवेत. वायफाय चालू केलं की त्या क्षणी तो २४० मिलिअँपिअरच्या घरात करंट ओढतो, वर बॅकलाइट, वर स्पीकर. सप्लाय तिथे बसतो आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो.

सिरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) उघडून पाहा. "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" अशी ओळ आली तर सप्लाय बसल्याची खात्री झाली. काही जण प्रोग्राममधून हा डिटेक्टरच बंद करतात. असं करू नका. त्यानं सप्लाय सुधारत नाही, फक्त ओरडणारा गप्प होतो, आणि एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना व्होल्टेज बसलं तर सेव्ह केलेले खेळही जातात.

मोजायचं कसं, हे इथे महत्त्वाचं आहे. मुलं बॅटरी सुटी करून तिच्या टोकांवर मीटर लावतात आणि ३.९ दिसलं की बॅटरीला सोडून देतात. लोड नसताना मोजलेल्या व्होल्टला काही अर्थ नाही. खेळ चालू ठेवा, बॅकलाइट पूर्ण ठेवा, आवाज चालू ठेवा, आणि डिस्प्लेच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिनांवर मोजा. मग मीटर मिलिव्होल्टवर आणा. काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक डिस्प्लेच्या ग्राउंड पिनला. दोन्ही ग्राउंडच आहेत, म्हणजे जवळजवळ शून्य यायला हवं. खेळ चालू असताना शंभर मिलिव्होल्टच्या वर आकडा गेला तर ग्राउंडच्या वाटेत अडथळा आहे: केसासारखी बारीक वायर, ड्राय सोल्डर, नाहीतर सैल कनेक्टर. प्लसच्या बाजूलाही असंच करा, बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या अलीकडे, मग स्विचच्या पलीकडे. स्वस्तातले छोटे सरकते स्विच आतून काळे पडतात. बीपला ते बरोबर वाजतात, कारण बीपच्या वेळी मीटर नावापुरता करंट सोडतो. त्यांचं खरं रूप लोडवरच कळतं. टीव्हीत मी असे कितीतरी दोष मिलिव्होल्ट मोजूनच पकडले, आणि इथेही हीच तपासणी मी सगळ्यांत आधी करतो.

मीटर सावकाश असतो. काही मिलिसेकंदांची बसण त्याला दिसत नाही. म्हणून मोजून सगळं ठीक वाटलं तरी डिस्प्लेच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये, अगदी पिनांजवळ, एक १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्याला समांतर १०४ छापलेला सिरॅमिक लावून बघा. असाच एक जोड ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टच्या पिनजवळ लावा. लुकलुकणं थांबलं किंवा कमी झालं, तर दोष सप्लायचाच.

उपाय दोन आहेत. एक, कमी व्होल्टवर चालणारा रेग्युलेटर लावायचा. एचटी७८३३ पाचशे मिलिअँपिअर देतो आणि स्वतःसाठी फार थोडं ठेवतो. त्याचं आउटपुट थेट बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला द्या. बॅटरी मात्र त्या पिनला थेट लावू नका, ४.२ व्होल्टनं ईएसपी३२ जातो. दुसरा उपाय, बूस्ट मॉड्यूल लावून बॅटरीचे पाच व्होल्ट करायचे आणि व्हीआयएनला द्यायचे. एमटी३६०८चं मॉड्यूल घेतलं तर जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर पाच व्होल्ट करून घ्या. दुकानातून ते वाटेल त्या व्होल्टवर ठेवलेलं येतं, आणि ते वीस व्होल्टच्या वरही जाऊ शकतं. एका क्षणात डिस्प्ले, बोर्ड, कार्ड, सगळं जाईल. बूस्ट लावलं तरी यूएसबी आणि बॅटरी एकाच वेळी चालू ठेवू नका.

डिस्प्लेच्या मॉड्यूलवरही एक छोटा रेग्युलेटर असतो, हे बरेच जण विसरतात. त्याच्याजवळ जे१ नावाची सोल्डरची जागा असते. व्हीसीसीला पाच व्होल्ट देणार असाल तर जे१ उघडी हवी. ३.३ देणार असाल तर जे१ सोल्डरनं जोडा, म्हणजे रेग्युलेटर वगळला जातो. ३.३ देऊन जे१ उघडी ठेवली तर काचेला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि चित्र फिकट दिसतं. जोडलेल्या जे१वर पाच व्होल्ट कधीच देऊ नका.

चार्जिंगचंही सांगून टाकतो, कारण बॅटरी अशक्त झाली की दोष पडद्यावरच दिसतो. टीपी४०५६च्या मॉड्यूलवर १२२ छापलेला रेझिस्टर असतो, म्हणजे १.२ किलोओहम, म्हणजे एक अँपिअरनं चार्जिंग. पाचशे मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला हे फार झालं. तो काढून पाच किलोओहमच्या आसपासचा लावा, म्हणजे अडीचशे मिलिअँपिअर होतात. मॉड्यूल घेताना आउट प्लस आणि आउट मायनस अशा वेगळ्या पिना असलेलं, संरक्षणाची आयसी असलेलंच घ्या. आणि बॅटरीच्या कनेक्टरवर लाल-काळा क्रम सगळ्या बॅटऱ्यांचा सारखा नसतो. नवी बॅटरी लावण्याआधी मीटरवर प्लस-मायनस बघितल्याशिवाय कनेक्टर खोचू नका.

रंग चुकतात, चित्र उलटं येतं

इथे हार्डवेअरला हात लावायचं कारण नाही. पडदा पूर्ण लाल, मग हिरवा, निळा, पांढरा, काळा असा दोन-दोन सेकंद भरणारा प्रोग्राम चढवा. लालच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी लाल आला, हिरवा मात्र हिरवाच राहिला, तर लाल-निळ्याचा क्रम बदला. लायब्ररीत त्याची एक ओळ असते. पांढऱ्याच्या जागी काळा आला तर इन्व्हर्जन (रंग उलटे करणारा हुकूम) चालू किंवा बंद करा. हे पाचही रंग बरोबर आले पण खेळातली चित्रंच विचित्र रंगांत दिसली, म्हणजे हिरवं झाड तांबूस आणि निळं आकाश हिरवट, तर सोळा बिटच्या रंगातले दोन बाइट मागे-पुढे झालेत. टीएफटी-ई-एसपीआयमध्ये सेट-स्वॅप-बाइट्स ही ओळ घातली की झालं. चित्र आडवं-उभं असेल तर रोटेशनचा ० ते ३ मधला आकडा बदला.

चित्र येतं पण त्यात कचरा येतो

रंगीत ठिपके उडतात, चित्र मधेच तुटून सरकतं, काही वेळानं पडदा गोठतो. पहिला संशय डिस्प्लेला डेटा पाठवायच्या वेगावर घ्या. आयएलआय९३४१च्या डेटाशीटप्रमाणे लिहिण्याचा एक ठोका निदान १०० नॅनोसेकंदांचा हवा, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात सगळे ४० मेगाहर्ट्झवर चालवतात आणि तो बहुधा चालतोही, पण वायर छोट्या असतील तरच. वीस सेंटीमीटरच्या जंपर वायर आणि ४० मेगाहर्ट्झ हे जमत नाही. वेग १० वर आणून पाहा. कचरा गेला तर डिस्प्ले चांगला आहे.

मग वेग तिथेच ठेवायचा का? नाही, खेळ खेळवणार नाही. एका पूर्ण चित्राला ३२० गुणिले २४० गुणिले २, म्हणजे १,५३,६०० बाइट लागतात. १० मेगाहर्ट्झवर सेकंदाला जेमतेम आठ चित्रं, ४० वर बत्तीसच्या आसपास. म्हणून वायरच आखूड करा: पाच-सहा सेंटीमीटर, आणि एससीकेच्या वायरला ग्राउंडची एक वायर पिळून घ्या. मग २० वर, २७ वर, ४० वर चढत जा.

एसडी कार्ड त्याच तारांवर असेल तर कार्ड काढून एकदा चालवा. कार्ड नसताना कचरा गेला तर कार्डाच्या सीएसला दहा किलोओहमनं ३.३ व्होल्टला बांधा, आणि प्रोग्रामच्या पहिल्याच ओळींत दोन्ही सीएस वर करून मगच डिस्प्ले सुरू करा. नाहीतर डिस्प्लेला दिलेले हुकूम कार्डही ऐकतं.

छोटा एकरंगी ओलेड असेल तर

यात बॅकलाइट नसतो, म्हणून पांढरा पडदा हा प्रकारच नाही. चार पिनांचा असेल तर आधी पिनांचा क्रम वाचा. काही मॉड्यूलवर ग्राउंड पहिला असतो, काहींवर व्हीसीसी. जुना काढून नवा तसाच खोचला आणि उलटा सप्लाय गेला, असं होतं. मग आयटूसी स्कॅनर (दोन तारांवर जोडलेल्या भागांचे पत्ते शोधणारा प्रोग्राम) चालवा; उत्तर ३सी किंवा ३डी यायला हवं. पाठीवर ७८ आणि ७ए छापलेलं असतं, ते हेच दोन पत्ते दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेले, त्यावरून प्रोग्राममध्ये ७८ लिहू नका. स्कॅनरला काहीच सापडलं नाही तर दोन्ही तारांवर ४.७ किलोओहमचे पुलअप (सप्लायच्या प्लसला बांधलेले रेझिस्टर) लावा.

चित्र दोन पिक्सेल सरकलंय आणि कडेला कचऱ्याची पट्टी आहे? मग त्याचा कंट्रोलर एसएच११०६ आहे आणि तुम्ही एसएसडी१३०६ची लायब्ररी लावली आहे. १.३ इंची ओलेडमध्ये हे फार होतं. एसएच११०६ची मेमरी १३२ स्तंभांची, काच १२८ची. लायब्ररी बदला, बाकी काही नको. चित्र एक ओळ सोडून एक ओळ येतं तेव्हा १२८ बाय ६४च्या जागी १२८ बाय ३२ निवडलेलं असतं. आणि ईएसपी३२ऐवजी अर्डुइनो उनो बोर्ड वापरताना काहीच दिसत नसेल तर मेमरी तपासा. त्याची रॅम २,०४८ बाइट, आणि एका चित्राला १,०२४ बाइट लागतात, तेही प्रोग्राम चालू झाल्यावर मागितले जातात. कंपाइल करताना दिसणाऱ्या आकड्यात ते नसतात.

खरंच काच गेली असेल तर

रेघा असतील तर एक छान कसोटी आहे. प्रोग्राममध्ये रोटेशन ० चं १ करा. चित्र फिरेल. रेघ चित्राबरोबर फिरली तर ती प्रोग्राममध्ये आहे. रेघ काचेवर त्याच जागी राहिली तर ती काचेत किंवा तिच्या पट्टीत आहे.

काचेतली असली तरी डब्याबाहेर काढून एकदा पाहा. काचेपासून मॉड्यूलकडे वळलेली पातळ पिवळसर पट्टी डब्याच्या स्क्रूमुळे किंवा बटणांच्या बोर्डामुळे दाबली जाते, आणि दाब काढला की रेघ जाते. मग डब्यातच तिथे जागा करा. पट्टीचा जोड उष्णतेनं चिकटवलेला असतो. १९८९च्या मूळ गेम बॉयमध्ये उभ्या रेघा जायला लागल्या की लोक अशाच जोडावरून सोल्डरिंग आयर्न हळू फिरवून त्या परत आणतात. आपल्या छोट्या टीएफटीवर मी हे कोणाला सुचवत नाही; पट्टी फार नाजूक असते आणि नवं मॉड्यूल परवडतं.

काचेला तडा असेल, आत शाईसारखा डाग पसरलेला असेल, किंवा सप्लाय, पाचही पिना, वेग, लायब्ररी सगळं तपासून झालं असेल, तरच नवा घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर आपला ईएसपी३२ बोर्ड पाच रंगांचा प्रोग्राम चढवून, छोट्या जंपर वायर आणि पॉवर बँकेसकट बरोबर न्या. दुकानदाराला नुसतं "अडीच इंची" सांगू नका, कंट्रोलरचा नंबर सांगा आणि काउंटरवरच लावून बघू द्या म्हणा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

नवा बसवताना तो थेट झीरो पीसीबीला सोल्डर करू नका. नऊ पिनांची फीमेल बर्ग स्ट्रिप लावा आणि डिस्प्ले तिच्यात खोचा. मॉड्यूलच्या चारही कोपऱ्यांत स्पेसर घाला, म्हणजे बटण दाबताना काचेवर जोर येत नाही. पाठीवर बारीक मार्करनं कंट्रोलरचा नंबर, जे१ उघडी की जोडलेली, आणि किती मेगाहर्ट्झवर चालतो ते लिहून ठेवा.